‘नायट्रिक ऑक्साइड बूस्टर’ची बीट भुकटी : पट्टी गुलाबी होते, पण आतड्याचे काय?

नायट्रिक ऑक्साइड हा शरीरातच तयार होणारा, रक्तवाहिन्या सैल करणारा वायू. ‘नायट्रिक ऑक्साइड बूस्टर’ या नावाने विकली जाणारी बीटची भुकटी मुळात व्यायाम करणाऱ्यांसाठी बाजारात आली. धावपटूंचा दम टिकावा, वजन उचलताना स्नायूंना रक्तपुरवठा चांगला व्हावा, एवढ्यापुरताच तिचा दावा असे. मी ऑनलाइन मागवलेल्या डब्याने मात्र एक पाऊल पुढे टाकले आहे. त्याच्या दर्शनी बाजूवर मोठ्या आतड्याचे चित्र आहे आणि नायट्रिक ऑक्साइड वाढवल्याने आतड्याचा दाह शमतो, अशा अर्थाची ओळ त्याखाली ठळक अक्षरांत छापलेली आहे. सोबत लाळ तपासण्याच्या पट्ट्यांची एक छोटी कुपी येते. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते आणि मला स्वतःला बऱ्याच वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाह होण्याचा आजार आहे, त्यामुळे हा डबा मी भुकटी म्हणूनही तपासला आणि दावा म्हणूनही. भुकटीविषयी माझे मत बरे आहे, दाव्याविषयी नाही. याच धर्तीचे डबे अनेक जण विकतात आणि आक्षेप सर्वांनाच लागू होतात, म्हणून उत्पादकाचे नाव येथे दिलेले नाही.

आधी भुकटीचे. रंग गडद किरमिजी, दळण बारीक, डब्याचे झाकण घट्ट बसणारे. कोमट पाण्यात ती गुठळ्या न होता मिसळते, तळाशी थोडा गाळ राहतो. चवीला बीटचा तो ओळखीचा मातकट वास आहे, जो जिऑस्मिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणाऱ्या वासातही हेच द्रव्य असते. ज्यांना बीटची कोशिंबीर आवडते त्यांना ही चव खटकणार नाही. साखर घातलेली नाही, पण गोडव्यासाठी सुक्रालोज आणि भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन आहे. ज्याच्या आतड्याची तक्रार आहे अशा ग्राहकासाठी म्हणून जे विकले जाते, त्यात या दोन्ही गोष्टी नसत्या तर बरे झाले असते. किंमत हजार रुपयांच्या आसपास जाते, आणि त्या पैशांत मंडईतून किती बीट येईल याचा हिशेब मनात आल्याशिवाय राहत नाही.

खोक्यातील सर्वांत आकर्षक वस्तू म्हणजे लाळेच्या पट्ट्या. पट्टीचे टोक जिभेवर क्षणभर ठेवायचे, थोडे थांबायचे आणि उमटलेला रंग कुपीवरच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचा. पांढरट रंग म्हणजे शरीरात नायट्रिक ऑक्साइडची ‘कमतरता’ आणि गडद गुलाबी म्हणजे ‘उत्तम पातळी’, असे माहितीपत्रक सांगते. वस्तुतः ही पट्टी नायट्रिक ऑक्साइड मोजतच नाही. तो वायू शरीरात काही सेकंदच टिकतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी गाठ पडताच नाहीसा होतो, त्यामुळे त्याला कागदाच्या तुकड्यावर पकडणे शक्य नाही. पट्टी मोजते ते लाळेतील नायट्राइट. त्यामागची रासायनिक अभिक्रिया पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये मांडली. हे गृहस्थ इंग्लंडमधील बर्टन येथील बिअर बनवण्याच्या कारखान्यात नोकरीला होते आणि रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रात त्यांचे काम फार मोठे आहे. लघवीच्या तपासणीतील नायट्राइटचा चौकोनही याच प्रकारच्या अभिक्रियेने गुलाबी होतो.

ग्रीस यांची अभिक्रिया खरी आहे, म्हणून पट्टीही खोटे बोलत नाही. फक्त तिच्या उत्तरावर भलताच प्रश्न चिकटवलेला आहे. भुकटी घेतल्यानंतर तासा-दोन तासांनी पट्टी छान गुलाबी झाली. भुकटी न घेता भरपूर पालक खाल्ल्यानंतरही ती तशीच गुलाबी झाली. भुकटी पिऊन लगेच पट्टी लावली तर बीटचाच लाल रंग तिच्यावर चढतो आणि वाचन निरर्थक ठरते, तेव्हा आधी चूळ भरणे आवश्यक आहे. ही सूचना माहितीपत्रकात नाही. जंतुनाशक माउथवॉशने गुळण्या केल्यावर रंग स्पष्टपणे फिका पडला, आणि या उत्पादनाचे सगळे गणित याच निरीक्षणात उलगडते.

बीट, पालक, मुळा यांसारख्या भाज्यांत नायट्रेट भरपूर असते. ते लहान आतड्याच्या वरच्या भागातून रक्तात शोषले जाते. रक्तातील या नायट्रेटपैकी सुमारे पाव हिस्सा लाळग्रंथी उचलतात आणि लाळेत सोडतात. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. मानवी पेशींना हे काम जवळजवळ येतच नाही. ती लाळ गिळली की जठरातील आम्लामुळे नायट्राइटमधून नायट्रिक ऑक्साइड मोकळा होतो. जठरात अशा रीतीने हा वायू तयार होतो, हे ब्रिटनमधील आणि स्वीडनमधील संशोधकांनी १९९४ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले. उरलेला नायट्राइट रक्तात जातो आणि रक्तवाहिन्या सैल करण्यास हातभार लावतो. म्हणजे पट्टीवरचा गुलाबी रंग एवढेच सांगतो की तुम्ही नायट्रेट खाल्ले आहे आणि तुमच्या जिभेवरचे जिवाणू जागेवर आहेत. मोठ्या आतड्याच्या अस्तरात काय चालले आहे, याविषयी त्या रंगाला काहीही माहीत नसते.

रक्तदाबाच्या बाबतीत बीटची बाजू बळकट आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, उच्च रक्तदाब असलेल्यांनी चार आठवडे रोज २५० मिलिलिटर बीटचा रस घेतल्यावर वरचा रक्तदाब सरासरी ७ ते ८ मिलिमीटरने उतरला होता. रक्तवाहिन्यांना सैल करणारा घटक नायट्रिक ऑक्साइडच आहे, हे शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि माहितीपत्रकाने त्या नोबेलचा उल्लेख आवर्जून केला आहे. तो उल्लेख बरोबर आहे. परंतु तो पुरस्कार रक्ताभिसरणातील संदेशवहनासाठी होता; आतड्याच्या दाहाशेजारी तो छापला की वाचणाऱ्याचा समज वेगळा होतो, आणि तसा तो व्हावा अशीच मांडणी येथे आहे.

आता मुख्य मुद्दा. शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनवणारी तीन एन्झाइमे आहेत आणि तिन्ही आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तो बनवतात. पहिले चेतापेशींत असते. अन्ननलिकेच्या तळाची झडप घास पुढे जाताना सैल पडते, आतड्याचे स्नायू आळीपाळीने आवळतात आणि ढिले होतात, त्यात या एन्झाइमचा वाटा मोठा आहे. अकॅलेशिया या आजारात या चेतापेशी नष्ट होतात आणि घास अडकू लागतो. दुसरे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात असते आणि आतड्याच्या आतल्या त्वचेचा रक्तपुरवठा राखते. ही दोन्ही एन्झाइमे थोडा-थोडा आणि गरजेपुरताच वायू सोडतात. तिसऱ्याची रीत निराळी आहे. ते एरवी फारसे दिसत नाही; दाह सुरू झाल्यावर टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरफेरॉन-गॅमा यांसारख्या संदेशांमुळे पांढऱ्या पेशींत आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींत ते मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि मग तासन्‌तास, दिवसेंदिवस नायट्रिक ऑक्साइडचा लोंढा सोडत राहते.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये नेमके हेच घडते. १९९३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन वेगवेगळ्या गटांनी या आजाराच्या रुग्णांत नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढलेली असते, असे दाखवले. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मोठ्या आतड्यातील वायूचे नमुने घेऊन थेट मोजणी केली, तेव्हा सक्रिय आजारात नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण निरोगी व्यक्तींच्या शंभरपटींहून अधिक भरले. पुढे याच परंपरेत गुदमार्गात लहान फुगा ठेवून वायू मोजण्याची पद्धत विकसित झाली आणि खरा दाह कोणता व केवळ चिडखोर आतड्याची तक्रार कोणती, हे ओळखण्यासाठी ती वापरून पाहण्यात आली. दाह पेटलेला असताना हा वायू कमी पडत नाही. उलट त्याचे वाढलेले प्रमाण हीच दाहाची खूण मानून शास्त्रज्ञ तो मोजत आले आहेत. ज्या आतड्यात तो शंभरपट झाला आहे, त्याच्या चित्राखाली ‘आणखी वाढवा’ असे छापणाऱ्याने निदान हा तपशील ग्राहकापुढे ठेवायला हवा होता.

हा लोंढा निरुपद्रवी नसतो. दाहाच्या जागी पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड हे आणखी एक तापट द्रव्यही सोडत असतात. त्याची आणि नायट्रिक ऑक्साइडची गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट तयार होते, जे प्रथिने, मेदावरणे आणि डीएनए यांना इजा करते. रुग्णांच्या आतड्याच्या तुकड्यांत नायट्रोटायरोसिन या रूपात त्या इजेच्या खुणा सापडल्या आहेत. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बॉयमलर यांच्या प्रयोगशाळेचा २०१३ मधील सायन्स नियतकालिकातील शोधनिबंध. दाहामुळे तयार झालेल्या या द्रव्यांचे शेवटी आतड्याच्या पोकळीत नायट्रेट होते, आणि ई. कोलायसारखे जिवाणू ऑक्सिजनऐवजी ते नायट्रेट वापरून श्वसन करतात व इतरांना मागे टाकून वाढतात, असे त्यांनी उंदरांमध्ये दाखवले. दाह असलेल्या आतड्यात काही विशिष्ट जिवाणूंचेच पीक का माजते, या जुन्या कोड्याचा एक भाग त्यामुळे सुटला. तिथे यजमानाचा नायट्रिक ऑक्साइड नकळत त्यांचे खत ठरतो.

एवढे वाचून कोणी नायट्रिक ऑक्साइडला खलनायक ठरवील, तर तेही घाईचे होईल. तिसरे एन्झाइम जनुकीय बदलाने काढून टाकलेल्या उंदरांवर प्रयोग झाले, तेव्हा काही प्रयोगांत आतड्याची हानी कमी झाली आणि काहींत ती वाढली. हे एन्झाइम रोखून दाह आटोक्यात आणणारे कोणतेही औषध आजही कोलायटिसच्या उपचारात प्रचलित नाही. उलट, कॅरोलिन्स्का येथीलच संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांना पाण्यातून नायट्राइट दिले असता कृत्रिमरीत्या घडवलेला कोलायटिस सौम्य झाला. नायट्रेटचा फायदा मात्र प्रतिबंधापुरताच दिसला. आर्जिनिन दिल्यानेही उंदरांचा कोलायटिस सुधारल्याचे प्रयोग आहेत. भुकटीच्या उत्पादकाकडे आधार म्हणून दाखवण्यासारखे जे काही आहे, ते एवढेच, आणि ते क्षुल्लक नाही. थोड्या प्रमाणात हा वायू आतड्यावरील श्लेष्म्याचा थर आणि रक्तपुरवठा राखतो, दाहाच्या लोंढ्यात तोच इजा करतो. कोणत्या पेशीने, कुठे, किती आणि कोणाच्या सोबतीने तो सोडला यावर सगळे ठरते. डब्यावरच्या एका ओळीत हे मावणार नाही हे मला मान्य आहे. पण मग ती ओळ छापू नये.

शिवाय पोहोचण्याचा प्रश्न आहेच. भुकटीतील नायट्रेट लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषले जाते आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा आजार आहे. दाहाच्या जागी भुकटीतून थेट पोहोचणारे नायट्रेट फार थोडे असणार. त्यामुळे या भुकटीने ई. कोलायची मेजवानी होईल अशी भीती मी घालणार नाही. परंतु ज्या कारणाने ती भीती फोल ठरते, त्याच कारणाने चित्रातल्या आतड्यावर उपचार होण्याची आशाही फोल ठरते. मिश्रणात आर्जिनिनही आहे. ते मोठ्या मात्रेत एकदम घेतल्यास जुलाब होऊ शकतात. येथील मात्रा लहान आहे, पण सूचना ‘गरजेनुसार चमचे वाढवा’ अशी आहे, आणि जुलाब हेच ज्याच्या आजाराचे मुख्य लक्षण आहे त्याला अशी मोकळीक देणे योग्य नव्हे.

लेबलवर सर्वांत मोठी उणीव आहे ती नायट्रेटच्या आकड्याची. बीटचा अर्क किती ग्रॅम हे लिहिलेले आहे, पण त्यात नायट्रेट किती मिलिग्रॅम हे नाही. बीटमधील नायट्रेट वाण, जमीन, खत आणि हंगाम यांप्रमाणे फार बदलते, त्यामुळे अर्काच्या वजनावरून काहीच कळत नाही. खेळाडूंवरील अभ्यासांत साधारणपणे ३७० ते ५०० मिलिग्रॅम नायट्रेट दिले जाते, तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रोजची स्वीकारार्ह मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ३.७ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीसाठी २२२ मिलिग्रॅम धरली आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये ही भुकटी कुठे बसते, की दोन्हींच्या खालीच राहते, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही. ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य मात्र मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, नियमाप्रमाणे हजर आहे. पुढच्या बाजूचे चित्र आणि मागच्या बाजूचे हे वाक्य एकाच डब्यावर कसे नांदतात, हे त्या डब्यालाच ठाऊक.

कोलायटिसच्या रुग्णाला सर्वांत उपयोगी ठरली असती अशी सूचना डब्यावर नाहीच : बीटमुळे शौचाचा आणि काहींच्या लघवीचाही रंग लाल होतो. लघवी लाल होण्याचा प्रकार साधारणपणे दहा-चौदा टक्के लोकांत दिसतो, शौचाचा रंग बदलणे त्याहून सर्रास आहे. निरोगी माणसाला ही गंमत वाटेल. ज्याच्या आजाराची पहिली खूण शौचातून रक्त जाणे ही असते, त्याच्यासाठी ही गंमत नाही. दोन्ही बाजूंनी फसगत होऊ शकते : रंग पाहून रुग्ण घाबरतो आणि विनाकारण स्टेरॉइडची जुनी चिठ्ठी बाहेर काढतो, किंवा ‘बीटच असेल’ म्हणून खरा रक्तस्राव अंगावर काढतो. दुसरी शक्यता अधिक घातक आहे. बीटचा रंग एकसारखा, किरमिजी आणि पाण्यात पसरणारा असतो, तर रक्तासोबत सहसा श्लेष्मा, घाई आणि कळ येते; पण डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे. शंका असेल तर भुकटी थांबवावी आणि शौच तपासून घ्यावे. प्रयोगशाळेत होणारी कॅल्प्रोटेक्टिनची चाचणी दाहातील पांढऱ्या पेशींचे प्रथिन मोजते आणि बीटचा रंग तिला चकवत नाही. दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आतील आकडा बहुधा दिलासा देणारा, २५० च्या वरचा आकडा सक्रिय दाहाकडे बोट दाखवणारा, असे सर्वसाधारणपणे धरतात. मी डॉक्टरांना विचारून, आजार शांत असताना आणि मेसालाझिन हे कोलायटिसचे नेहमीचे औषध चालू ठेवून भुकटी घेतली. आधीचा आणि नंतरचा कॅल्प्रोटेक्टिनचा आकडा दोन्ही वेळा शांत अवस्थेला साजेसाच होता. त्यावरून भुकटीने अपाय केला नाही एवढे म्हणता येईल; फायदा केला असे म्हणण्यास त्यात काहीही आधार नाही.

क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या दुसऱ्या आजाराच्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट, विशेषतः ज्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग आजारी आहे किंवा शस्त्रक्रियेने काढलेला आहे त्यांच्यासाठी. अशा व्यक्तींत न पचलेला मेद कॅल्शियमला धरून बसतो, त्यामुळे एरवी कॅल्शियमशी बांधले जाणारे, भाज्यांतील ऑक्झलेट हे द्रव्य मोकळे राहून अधिक प्रमाणात शोषले जाते आणि मूतखड्यांचा धोका वाढतो. बीट हे पालक आणि अळू यांच्याप्रमाणेच ऑक्झलेटने भरलेले आहे. रोज, सांद्र स्वरूपात आणि डॉक्टरांना न विचारता ते घेणे या रुग्णांनी टाळावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही विचारूनच घ्यावे.

विक्रीपश्चात सेवेबद्दल तक्रार नाही, पण समाधानही नाही. पार्सल वेळेवर आले, खोके शाबूत होते. नायट्रेटचे प्रमाण विचारणाऱ्या माझ्या ईमेलला नम्र उत्तर आले. त्यात उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक असल्याचे होते आणि मी विचारलेला आकडा नव्हता.

पाचपैकी भुकटीला मी तीन गुण देईन, पट्ट्यांना दोन, आणि आतड्याच्या दाव्याला एकही नाही. आजार शांत असलेल्या, मूतखड्याचा त्रास नसलेल्या आणि बीटची चव आवडणाऱ्या व्यक्तीने रक्तदाबासाठी किंवा व्यायामासाठी ही घेतली तर हरकत नाही, फक्त मापाचा एकच चमचा घ्यावा. कोलायटिस भडकलेला असताना घेऊ नये, आणि चालू औषधाच्या जागी तर मुळीच नाही. उत्पादकाने पुढील डब्यावर दर मात्रेतील नायट्रेट मिलिग्रॅममध्ये छापावे, शौचाच्या रंगाची सूचना मोठ्या अक्षरांत द्यावी आणि ते चित्र काढून टाकावे. एवढे केले तर माझ्या तीनचे चार होतील. पट्ट्या वेगळ्या विकायला ठेवल्यास त्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी अवश्य घ्याव्यात, कारण जिभेवरच्या जिवाणूंचे काम वर्गात दाखवण्यासाठी इतके सोपे साधन सहज मिळत नाही.